तोंड वाकडं झालं, तर डॉक्टर कपाळ का बघतात? मेंदू आणि बारा नसांचा नकाशा

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "एका सकाळी काकांचं तोंड अचानक डावीकडे ओढलं गेलं, चहा उजव्या ओठातून ओघळायला लागला. घरात सगळ्यांना लकवाच वाटला. डॉक्टरांनी काकांना कपाळाला आठ्या घालायला लावल्या, डोळे घट्ट मिटायला सांगितले, कानात बॅटरी मारून पाहिलं, डोळे इकडेतिकडे फिरवायला लावले, हातापायांची ताकद बघितली, चालवलं. मग एमआरआय न करताच 'मेंदूला काही झालेलं नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे' असं सांगून गोळ्या दिल्या. इतक्या खात्रीने हे कसं सांगता येतं? मला बाराही क्रेनिअल नर्व्हची नावं क्रमाने पाठ आहेत, पण त्यांचा आणि मेंदूचा संबंध काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही."

काकांना तपासताना डॉक्टर एकच गोष्ट शोधत होते: बिघाड नेमका कुठे आहे? न्यूरॉलॉजीत आधी जागा ठरते, रोगाचं नाव नंतर येतं. जागा सापडली की संशयित आजारांची लांबलचक यादी चार-पाचांवर येते. ही जागा शोधायचं साधन एमआरआय येण्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टरांच्या हातात आहे, ते म्हणजे या बारा नसा. त्या मेंदूच्या तळाशी ठरलेल्या ठिकाणाहून निघतात, कवटीतल्या ठरलेल्या छिद्रांतून बाहेर पडतात आणि प्रत्येकीचे शेजारी ठरलेले आहेत. म्हणून माझं तुला सांगणं आहे की नसा शेजाऱ्यांसकट शीक. पाठांतरात सहावी, सातवी आणि आठवी हे नुसते लागोपाठचे आकडे आहेत; प्रत्यक्षात त्या काही मिलिमीटरच्या अंतराने बाहेर पडतात, आणि तुझ्या काकांचं निदान त्या मिलिमीटरांवरच ठरलं.

आधी मेंदूची ढोबळ मांडणी बघू. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण नुसतं बसून असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. म्हणूनच रक्त थांबलं की काही मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात. तुमच्या डिसेक्शन हॉलमधला मेंदू फॉर्मॅलिनने घट्ट झालेला असतो. जिवंत मेंदू फार मऊ असतो, आणि स्वतःच्याच वजनाने तो तळाशी दबला जात नाही याचं कारण त्याच्याभोवतीचं पाणी, सीएसएफ. त्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका उरतो. हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतं, पण दिवसभरात तयार होतं जवळपास ५०० मिलिलिटर. म्हणजे ते सतत शोषलं जायला हवं, आणि वाट अडली की कवटीत दाब वाढतो. सहाव्या नसेकडे पोचू तेव्हा हे कामी येईल.

मेंदूचे तीन भाग धर: मोठा मेंदू, लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम. मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल, आणि प्रत्येकात चार लोब, म्हणजे खंड. पुढचा फ्रंटल लोब हालचाल, नियोजन आणि बोलण्याची निर्मिती सांभाळतो. त्यामागचा पॅरायटल स्पर्श आणि शरीराचं भान. बाजूचा टेम्पोरल ऐकणं, भाषा समजणं आणि स्मरण. सर्वांत मागचा ऑक्सिपिटल दृष्टी. ही वाटणी अगदी ढोबळ आहे, पण पहिल्या वर्षाला पुरते. ठरावीक कामाला मेंदूत ठरावीक जागा असते हे पटवून देणारा मोठा पुरावा पॅरिसमध्ये १८६१ साली फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी मांडला. 'तान' याशिवाय जवळजवळ काहीच उच्चारू न शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्यांनी मृत्यूनंतर तपासला, तेव्हा बिघाड डाव्या फ्रंटल लोबमध्ये निघाला. लहान मेंदू मागे, खालच्या बाजूला असतो. हालचालीतला नेमकेपणा आणि तोल त्याच्याकडे. त्याचा एक विशेष ध्यानात ठेव: त्याच्या बिघाडाची लक्षणं त्याच बाजूच्या हातापायांत दिसतात, मोठ्या मेंदूची मात्र विरुद्ध बाजूला.

तिसरा भाग ब्रेनस्टेम, आणि माझा खरा जीव याच्यात आहे. लांबी जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला असे तीन मजले. हातापायांना जाणारे सगळे हुकूम याच्यातून खाली उतरतात, अंगभरची सगळी संवेदना याच्यातूनच वर जाते, श्वास आणि जागेपण याच्यावर अवलंबून असतं, आणि बारापैकी दहा नसांची केंद्रं याच्याच लगत किंवा पोटात आहेत. इतक्या कमी जागेत इतकी गर्दी असल्यामुळे इथे छोटासा जरी बिघाड झाला तरी एकटं लक्षण क्वचितच मिळतं. शेजारी हमखास ओरडतो.

आता कपाळाकडे ये. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नस, फेशियल नर्व्ह, पॉन्समधल्या तिच्या केंद्रातून निघते. त्या केंद्राला हुकूम येतो मोठ्या मेंदूकडून. ओठ आणि गालांसाठी हा हुकूम मुख्यतः विरुद्ध अर्धगोलाकडून येतो. कपाळ आणि भुवईच्या स्नायूंना मात्र दोन्ही अर्धगोल हुकूम पाठवतात. त्यामुळे काकांच्या डाव्या मोठ्या मेंदूला पक्षाघाताचा झटका आला असता तर उजव्या गालाची आणि ओठाची ताकद गेली असती, पण कपाळाला उजव्या अर्धगोलाचा पुरवठा चालू राहून दोन्हीकडे आठ्या पडल्या असत्या. डोळाही बऱ्यापैकी मिटला असता. शिवाय मोठ्या मेंदूत चेहऱ्याच्या जागेला लागूनच हाताची जागा आहे, आणि डाव्या बाजूला भाषेची. त्यामुळे उजवा हात जड होणं, शब्द न सुचणं असं काहीतरी सोबत दिसण्याची शक्यता दाट होती. काकांच्या उजव्या कपाळावर आठीच पडली नाही आणि उजवा डोळाही मिटला नाही. याचा अर्थ वरून आलेला हुकूम कुठल्याही अर्धगोलाचा असो, तो स्नायूपर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे बिघाड केंद्रात, नाहीतर केंद्रापासून पुढे नसेत.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि 'आठ्या पडत नाहीत, म्हणजे मेंदू ठीक' असं समीकरण करून टाकतात. ते अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे धोक्याचं आहे. सातव्या नसेचं केंद्र स्वतः मेंदूत, पॉन्समध्ये आहे. तिथे झटका आला तरी कपाळासकट अर्धा चेहरा जातो. मग डॉक्टरांनी पॉन्स कसा वगळला? शेजाऱ्यांना विचारून. सातव्या नसेचे तंतू केंद्रातून निघाल्यावर थेट बाहेर पडत नाहीत; ते सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून मग बाहेरची वाट धरतात. त्या जागी घाव बसला तर सहावीही सापडते आणि उजवा डोळा बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाकडे, जात नाही. जवळूनच हातापायांचे हुकूम उतरतात, त्यामुळे डाव्या हातापायात अशक्तपणा येतो. लहान मेंदूकडे जाणारे मार्गही तिथेच, म्हणून चाल डगमगते. डोळे फिरवायला लावणं, हातपाय तपासणं, चालवून बघणं या सगळ्यामागे हे कारण होतं. सगळे शेजारी शाबूत आणि सातवी एकटी पडलेली, म्हणजे बिघाड ब्रेनस्टेमच्या बाहेर, नसेच्या पुढच्या प्रवासात.

तो प्रवास विलक्षण अडचणीचा आहे. सातवी नस आठवीच्या सोबतीने कानाच्या हाडात शिरते आणि मग एकटीच सुमारे तीन सेंटिमीटरच्या हाडाच्या बोगद्यातून जाते. बोगद्याची सर्वांत अरुंद जागा एक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसतं, तशी सुजलेली नस तिथे अडकते. हाड काही सरकत नाही, दाब नसेवरच येतो. हीच बेल्स पाल्सी. स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी १८२१ साली चेहऱ्याच्या नसांवर मांडलेल्या कामावरून हे नाव पडलं. बोगद्यात असतानाच या नसेच्या फांद्या फुटतात: एक अश्रुग्रंथीकडे, एक मधल्या कानातल्या इवल्याशा स्टेपिडियस स्नायूकडे, एक जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणायला. म्हणून असे रुग्ण सांगतात की कुकरची शिट्टी त्या कानात नकोशी मोठी वाटते, किंवा जेवणाची चव अर्धीच लागते. काकांना विचारून बघ.

कानात बॅटरी मारली ती पुरळ शोधायला. कानाच्या पाळीत किंवा नळीत पाण्याचे फोड असतील तर तो नागिणीच्या विषाणूचा हल्ला असतो, रॅमसे हंट सिंड्रोम. तो जास्त त्रास देतो आणि त्याला स्टेरॉइडबरोबर विषाणूविरोधी औषधही लागतं. कानातून पू येत असेल तर गोष्ट आणखी वेगळी होते.

आता ब्रेनस्टेममधल्या नसांची जागा. नसांचे आकडे पुढून मागे, वरून खाली असे दिलेले आहेत. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या काळी नसांच्या सात जोड्या धरत. आज आपण वापरतो ती बाराची गणना जर्मन शरीररचनातज्ज्ञ सोमरिंग यांनी १७७८ साली मांडली. पहिल्या दोन ब्रेनस्टेमच्या बाहेर, मोठ्या मेंदूच्या तळाला जोडलेल्या. तिसरी-चौथी मिडब्रेनच्या. पाच, सहा, सात, आठ पॉन्सच्या. नऊ ते बारा मेड्युलाच्या. चार-चार-चार. ऑस्ट्रेलियातले न्यूरॉलॉजिस्ट पीटर गेट्स यांनी २००५ साली याच्यावर एक सुरेख नियम बांधला. पहिल्या दोन सोडून १२ ला ज्यांनी पूर्ण भाग जातो त्या नसांची, म्हणजे ३, ४, ६ आणि १२ यांची केंद्रं ब्रेनस्टेमच्या मध्यरेषेजवळ आहेत. ५, ७, ९ आणि ११ यांची कडेला. हातापायांचे हुकूम नेणारा मार्गही मध्यरेषेजवळ. वेदना आणि उष्णतेची संवेदना नेणारा मार्ग कडेला. एवढं ध्यानात असलं की नस कोणती यावरून मजला कळतो, आणि सोबत ताकद गेली की संवेदना गेली यावरून मध्य की कड ते कळतं. नसांची नावं आठवायला परीक्षेसाठी म्हणून शिकतात त्या इंग्रजी ओळींपेक्षा हा नियम मला दहापट उपयोगाचा वाटतो, कारण तो आयुष्यभर रुग्णाच्या खाटेजवळ वापरता येतो.

ब्रेनस्टेमच्या आजाराची सर्वांत मोठी खूण म्हणजे फुली. चेहऱ्याचा बिघाड एका बाजूला आणि हातापायांचा दुसऱ्या बाजूला. नसांची केंद्रं आपापल्याच बाजूला काम करतात, पण हातापायांचे मार्ग बाजू बदलतात; ताकदीचा मार्ग तर मेड्युलाच्या तळाशी, ब्रेनस्टेममधून बाहेर पडताना ओलांडतो. याचं शिकण्यासारखं उदाहरण जर्मन डॉक्टर वॉलनबर्ग यांनी १८९५ साली वर्णन केलेला मेड्युलाच्या कडेचा झटका. रुग्णाला अचानक गरगरतं, उलट्या होतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. एका बाजूच्या चेहऱ्याला गरम-गार कळत नाही आणि दुसऱ्या बाजूच्या हातापायांना. पण ताकद शाबूत असते! लकवा म्हणजे हातपाय लुळे पडणं एवढंच डोक्यात बसलेलं असल्यामुळे घरच्यांना हा झटका वाटतच नाही. पित्त किंवा गॅस म्हणून एक-दोन दिवस जातात. वर या मागच्या भागातला ताजा झटका साध्या सीटी स्कॅनमध्ये सहज निसटतो, आणि 'स्कॅन नॉर्मल' या दोन शब्दांवर सगळे निर्धास्त होतात. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून नवी गरगर आणि सोबत दोन-दोन दिसणं, गिळताना ठसका, बोलणं जड होणं, उभंच राहता न येणं यापैकी काहीही असेल तर सरळ झटक्यावर उपचार होतात अशा रुग्णालयात न्यायचं.

राहिलेल्या नसा कवटीच्या तळावरून पुढून मागे जात बघू. डिसेक्शनला कवटीचं झाकण काढून फ्रंटल लोब हलकेच उचलतात तेव्हा पहिली नस आधी दिसते. ती वासाची, नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून तिचे बारीक तंतू वर येतात. डोकं जोरात आपटलं तर ते तुटतात, म्हणून दुचाकीच्या अपघातानंतर बरे झालेले रुग्ण कधीकधी जेवण बेचव झाल्याची तक्रार करतात. अशा घरात गॅसची गळती ओळखायला दुसऱ्या कुणीतरी सावध राहावं लागतं, हे आवर्जून सांगायला हवं.

दुसरी, ऑप्टिक, दिसायला नस आहे पण घडणीने मेंदूचाच लांबवलेला भाग आहे. सीएसएफचं आवरणही तिच्याभोवती डोळ्यापर्यंत जातं. म्हणून डोळ्यात ऑफ्थॅल्मोस्कोपने बघितलं की कवटीतला दाब वाढल्याची सूज दिसू शकते. दोन्ही ऑप्टिक नसा जिथे भेटतात त्याच्या बरोबर खाली पिट्युटरी ग्रंथी. तिची गाठ वर वाढली की दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू दिसेनाशी होते. समोरचं अक्षर नीट वाचता येतं, त्यामुळे चश्म्याचा नंबर तपासून काहीच सापडत नाही, पण माणूस दाराच्या चौकटींना खांदे आपटत चालतो.

तिसरी, चौथी, सहावी या डोळा हलवणाऱ्या, आणि यांच्यावर मी विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त वेळ द्यायला लावते. तिसरी पापणी उचलते, डोळ्याचे बहुतेक स्नायू हलवते आणि बाहुली आकसवते. बाहुलीचे तंतू नसेच्या पृष्ठभागावर असतात. शेजारच्या धमनीला फुगा आला आणि त्याने नसेला बाहेरून दाबलं की आधी हे तंतू चिरडतात: पापणी पडते, बाहुली मोठी होते, डोकं दुखतं. ही अक्षरशः तासाभरात हलायची वेळ असते, कारण तो फुगा फुटू शकतो. मधुमेहात मात्र नसेच्या आतल्या गाभ्याचा रक्तपुरवठा जातो. पापणी पडते, डोळा बाहेर वळतो, पण बाहुली बहुधा शाबूत राहते, आणि काही महिन्यांत नस सुधारते. एकाच नसेचा पत्ता, पण इजा बाहेरून की आतून हे बाहुली सांगते.

आपल्याकडे पडलेल्या पापणीचं आणखी एक कारण विसरून चालत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, दोन्ही पापण्या जड, गिळायला त्रास, अंगावर दंशाची खूण जवळपास नाहीच: मण्यार चावलेली असते. इथे नसा ठीक असतात, नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप विषाने अडवलेला असतो. म्हणून दोन्ही बाजू सारख्या पडतात.

चौथी सगळ्यांत बारीक, ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी एकटीच, आणि कवटीत सर्वांत लांब वळसा घेणारी. त्यामुळे डोक्याच्या मारात ती दुखावते. रुग्ण म्हणतो, जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात. तो डोकं दुखावलेल्या बाजूच्या विरुद्ध खांद्याकडे कलतं धरतो. हा दोष जन्मापासूनचा की आताचा हे ठरवायला मी शाळेतले जुने ग्रुप फोटो मागवते. पन्नाशीच्या रुग्णाची मान तिसऱ्या इयत्तेच्या फोटोतही कललेली असेल तर पुष्कळ तपासण्या वाचतात.

सहावी डोळा बाहेर वळवते. कवटीतला दाब वाढला की चढणीच्या वाटेवर ती हाडाशी ताणली जाते, मग गाठ किंवा पाणी कुठेही असो. म्हणजे ही नस कधीकधी जागेबाबत चकवते, पण दाबाबाबत सहसा खरं बोलते. क्षयरोगाच्या मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहात, मेंदूच्या तळाशी चिकट पू साचतो आणि तिथून जाणाऱ्या नसा त्यात सापडतात, त्यात सहावी पुढे असते. आठवडाभराचा ताप, डोकेदुखी आणि आता तिरळा झालेला डोळा हे एकत्र दिसलं की आपल्या देशात क्षयरोग डोक्यात यायलाच हवा.

या तिघी आणि पाचवीच्या वरच्या दोन शाखा कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरांच्या कप्प्यातून किंवा त्याच्या भिंतीतून जातात. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने पाहिले. नाकातून नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत (यांनाही सायनसच म्हणतात), तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि मग या कप्प्यात बुरशी पोचायची. गाल बधिर, मग पापणी बंद, मग डोळा जागच्या जागी थिजलेला. गालाच्या बधिरतेची पहिली तक्रार ज्यांनी गांभीर्याने घेतली त्यांच्या हाती वेळ उरला.

पाचवी चेहऱ्याची संवेदना आणते आणि चावण्याचे स्नायू चालवते. कपाळ, गाल, जबडा अशा तिच्या तीन शाखा. पण जबड्याच्या कोपऱ्यावरची त्वचा तिची नाही, ती मानेतल्या नसांची आहे. बधिरता त्या कोपऱ्यापाशी थांबते का, हे पडताळायला शीक. या नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी घासली की ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होतो: दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागताना क्षणभराची असह्य कळ. दातदुखी समजून चांगले दात काढून घेतलेले रुग्ण अजूनही येतात, याचं फार वाईट वाटतं, कारण कार्बामाझेपिनच्या गोळीने बहुतेकांना सुरुवातीला तरी उतार पडतो.

आठवी ऐकणं आणि तोल यांची. तुझ्या व्यवसायात तुला ही रोज भेटेल. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरतं अशा रुग्णांना आपल्याकडे सर्रास 'मानेच्या मणक्यांची चक्कर' म्हणून पट्टा दिला जातो. त्यातल्या पुष्कळांना आतल्या कानातले कण सरकल्याचा त्रास असतो आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याच्या कृतीने तो तिथल्या तिथे थांबू शकतो. ती कृती नीट शिकून घे.

नववी, दहावी, अकरावी एकाच छिद्रातून बाहेर पडतात, त्यामुळे अनेकदा एकत्र आजारी पडतात. नववी-दहावी घसा, टाळू, स्वरयंत्र यांच्या. दहावीची स्वरयंत्राला जाणारी डावी फांदी छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. म्हणून बरेच आठवडे बसलेल्या आवाजाचं कारण छातीतल्या गाठीत सापडू शकतं. अकरावी मान वळवते आणि खांदा उचलते. मानेतल्या गाठीची बायोप्सी घेताना तिला इजा होऊ शकते, आणि हात डोक्यावर जात नाही म्हणून रुग्ण थेट तुझ्याकडे येईल. बारावी जिभेची.

इथे विद्यार्थी नेहमी गोंधळतात: जीभ दुबळ्या बाजूकडे वळते आणि पडजीभ मात्र चांगल्या बाजूकडे. पाठ करू नकोस, स्नायू काय करतो ते बघ. जिभेचा स्नायू तिला पुढे ढकलतो, म्हणून चांगली बाजू तिला दुबळ्या बाजूकडे ढकलते. टाळूचा स्नायू वर ओढतो, म्हणून चांगली बाजू आपल्याकडे ओढते.

आता काकांचं. पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू झालं की नस पूर्ण सुधारण्याची शक्यता वाढते. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, आणि मधुमेह असेल तर साखर वाढते म्हणून रोज तपासायची. उपचाराविनाही सुमारे ७० टक्के रुग्ण पूर्ण बरे होतात, त्यामुळे धीर धरायला जागा आहे. बरेच जण सांगतात, एसटीत खिडकीशी बसलो होतो, गार वारा लागला. वाऱ्यामुळे असं होतं हे सिद्ध झालेलं नाही. नसेत दडून राहिलेला नागीण-कुळातला विषाणू पुन्हा जागा होतो यावर संशय जास्त आहे.

गोळ्यांइतकाच महत्त्वाचा डोळा. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं आणि त्यावर जखम झाली तर नजर कायमची अधू होऊ शकते. नस नंतर सुधारली तरी ती भरून येत नाही. दिवसा अश्रूंचे थेंब दर एक-दोन तासांनी, रात्री मलम आणि पापणी चिकटपट्टीने बंद, बाहेर जाताना गॉगल. डोळा लाल झाला किंवा दुखला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे.

तुझ्या शाखेबद्दल थोडं स्पष्टच सांगते. गालाला करंट देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण त्याने नस लवकर सुधारते याला भक्कम पुरावा नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तर मी तो देऊ नका म्हणते. आरशासमोर हलके, सावकाश, दोन्ही बाजू सारख्या ठेवायचा प्रयत्न करत केलेले व्यायाम जास्त बरे. जोर लावून केलेल्या हालचालींनी चुकीच्या जोडण्यांची सवय बळावते, आणि पुढे हसताना डोळा मिटायला लागतो. फुगे फुगवायला लावणं म्हणूनच मला पसंत नाही.

हात किंवा पाय जड वाटला, दोन-दोन दिसलं, गिळताना ठसका लागला, तोल गेला किंवा दुसरी बाजूही वाकडी व्हायला लागली तर वाट न बघता रुग्णालयात न्या. बेल्स पाल्सी तीन दिवसांत कळस गाठते. अशक्तपणा त्यानंतरही आठवडे-आठवडे हळूहळू वाढत राहिला तर ती बेल्स पाल्सी नव्हे. तीन-चार महिन्यांनीही गालाची अजिबात हालचाल आली नाही, तर एमआरआय करावाच लागतो. तो सांगताना नुसता मेंदूचा सांगू नका. पॉन्सपासून कानाच्या हाडातल्या बोगद्यातून थेट गालातल्या पॅरोटिड या लाळेच्या ग्रंथीपर्यंत सातव्या नसेचा पूर्ण मार्ग दिसेल असा करून घ्या.